समुद्री शैवाल पेशीच्या आत चुन्याचे खवले कसे घडवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक आणि उपग्रहातून काढलेले दुधाळ समुद्राचे फोटो बघून आलेली मंडळी फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम फार विचार करून लावलेला नाही, हवं तिथून वाचा. पण फक्त एकच उत्तर वाचायचं असेल तर आम्लाचं वाचा, कारण कॅल्शियम-कॅल्शियम सगळे करतात आणि खरी गंमत तिथेच निसटते.

कोकोलिथोफोर म्हणजे नक्की काय?

समुद्राच्या वरच्या, उजेड पोचतो त्या थरात तरंगणारं एकपेशीय शैवाल. आज जिवंत असलेल्या जाती दोनशेच्या आसपास. झाडासारखंच उन्हावर जगतं, पण अंगावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्याची असते त्याच पदार्थाचे, बारीक खवले चढवून बसतं. एका खवल्याला कोकोलिथ म्हणतात. सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेली जात म्हणजे एमिलियानिया हक्सलेयी. अलीकडे बरेच जण तिला जेफिरोकॅप्सा हक्सलेयी म्हणायला लागलेत, पण मी इथे सवयीने हक्सलेयीच लिहिणार. हिची पेशी ५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरवर दोनशे पेशी ओळीने बसतील, आणि तिच्या अंगावरचा एकेक खवला साधारण ३ मायक्रॉनचा.

खवले आतच बनतात हे नक्की का? नळाला क्षार चढतो तसा बाहेरून चुना साचत असेल ना?

नाही, आतच बनतात. १९६० च्या दशकापासून पेशींचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले गेलेत आणि त्यात अर्धवट झालेला खवला पेशीच्या पोटात, एका पडद्याच्या पिशवीत, चक्क बसलेला दिसतो. हक्सलेयीमध्ये तर ही पिशवी केंद्रकाला जवळजवळ चिकटून असते.

आणि आत बनणं हाच मुद्दा आहे. उबदार आणि मधल्या पट्ट्यातल्या समुद्राचं वरचं पाणी कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाच्या, बाबतीत आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे कागदावर हिशेब मांडला तर चुना आपोआप खाली बसायला हवा. तो बसत नाही, कारण पाण्यातलं मॅग्नेशियम वगैरे मध्ये येतं आणि स्फटिकाची सुरुवातच होऊ देत नाही. मग शैवालाने काय केलं, तर स्वतःचं एक छोटं बंद भांडं तयार केलं, ज्यात काय आत येणार, काय बाहेर जाणार आणि स्फटिक कुठून सुरू होणार हे सगळं पेशी ठरवते. माल समुद्रात फुकट पडलेला आहे, पैसे पडतात ते कारागिरीचे.

एक खवला घडतो कसा, क्रमाने सांगाल का?

पेशीत गॉल्जी बॉडी असते, पुस्तकात पॅकिंग आणि पाठवणीचं खातं म्हणून शिकवतात ती. तिच्यापासून एक चपटी पिशवी तयार होते. पिशवीत आधी येते एक पातळ, लंबगोल, सेंद्रिय पदार्थाची तबकडी. हा झाला पाया. यावर अजून चुन्याचा कणही नाही.

मग या तबकडीच्या कडेकडेने, फक्त कडेनेच, कॅल्साइटचे बारीक स्फटिक बसतात, सगळे मिळून एक कडं. हे कडं फार महत्त्वाचं, कारण पुढचा अख्खा आकार यातून निघतो. कड्यातले स्फटिक आलटून पालटून दोन दिशांना बसलेले असतात, एकाचा अक्ष उभा, तर शेजारच्याचा अक्ष आडवा, मधून बाहेरच्या बाजूला जाणारा. १९९२ मध्ये जेरेमी यंग आणि सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या पुष्कळ जातींच्या मुळाशी हीच उभ्या-आडव्याची जोडी आहे हे दाखवलं. हक्सलेयीत उभे स्फटिक नावापुरते उरतात, वाढतात ते आडवे.

मग हे स्फटिक वर आणि बाहेर वाढत जातात. हक्सलेयीच्या खवल्यात खाली एक चकती, वर एक चकती आणि दोन्हींना जोडणारी आखूड नळी, अशी रचना होते. वरच्या चकतीत हातोडीच्या आकाराचे तीसेक अरे, चाकाला असतात तसे, एकाशेजारी एक, मध्ये फटी. प्रत्येक अरा म्हणजे एक एक सलग स्फटिक बरं का! साधा कॅल्साइटचा स्फटिक तिरप्या ठोकळ्यासारखा वाढतो. इथे तो वाकतो, रुंदावतो, शेजाऱ्याला जागा सोडतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो पहिल्यांदा बघितला की माणसाला वाटतं हे कुणीतरी कोरलंय.

साचा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोदकाचा साचा येतो, कडक साचा आणि आत मऊ उकड. इथे सगळं उलटं, साचा मऊ आणि आतला माल कडक, आणि माल वाढतो तसा साचाही त्याच्याबरोबर वाढत जातो. त्यामुळे साच्याने स्फटिकाला आकार दिला की स्फटिकाने साच्याला ताणलं हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. थोडं थोडं दोन्ही. पिशवीबाहेर पेशीचा अंतर्गत सांगाडा असतो, त्यात बिघाड करणारी औषधं दिली की वेडेवाकडे खवले निघतात, म्हणजे बाहेरून पिशवी धरून ठेवणारंही कुणीतरी आहे.

शेवटी खवला पूर्ण झाला की त्याच्यावर सेंद्रिय पदार्थाचं पातळ आवरण चढतं आणि तो बाहेर ढकलला जातो.

स्फटिकाची वाढ कुठे थांबवायची हे कोण ठरवतं?

यात मोठा हात पिशवीतल्या आम्लधर्मी पॉलिसॅकराइड्सचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा. त्यांच्यावर ऋण भार असतो, त्या कॅल्शियमला धरतात आणि स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटून तिथली वाढ अडवतात. एका बाजूची वाट बंद केली की स्फटिक दुसऱ्या बाजूने वाढणार, इतकं साधं तत्त्व. हॉलंडमधल्या लायडनला १९७० आणि ८० च्या दशकात यावर भरपूर काम झालं. जातीजातीत या साखळ्या वेगळ्या आणि खवलेही वेगळे. सूक्ष्म आकाराची ही नक्कल कारखान्यात जमली तर हवी असणारे पुष्कळ आहेत, पण खोलीच्या तापमानाला, साध्या पाण्यात, इतकी रेखीव वस्तू करणं अजून आपल्याला जमत नाही.

एवढं कॅल्शियम पेशी आणते कुठून?

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे तुटवडा अजिबात नाही. अडचण उलटीच आहे. कुठल्याही जिवंत पेशीच्या आतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम अगदी नाममात्र ठेवावं लागतं, कारण ते निरोपाचं काम करतं आणि जास्त झालं तर विषच. बाहेरच्या समुद्राच्या तुलनेत आत साधारण एक लाखपट कमी. आणि या एवढ्या कोरड्या वाटेने ढिगाने कॅल्शियम पिशवीपर्यंत न्यायचं आहे!

मोकळं सोडून नेता येत नाही, म्हणून ते बंद कप्प्यांतून जात असावं असं दिसतं. २०१६ मध्ये पेशी झटक्यात गोठवून क्ष-किरणांनी तपासल्या तेव्हा हक्सलेयीमध्ये खवल्याच्या पिशवीपासून वेगळा, कॅल्शियम आणि फॉस्फरसने गच्च भरलेला एक साठा सापडला. प्ल्युरोक्रायसिस नावाच्या दुसऱ्या एका जातीत पॉलिसॅकराइड आणि कॅल्शियमचे २५ नॅनोमीटरचे कण पिशवीत येऊन पडताना कधीपासून माहीत आहेत.

निवड किती कडक असते बघा. समुद्रात मॅग्नेशियमचे आयन कॅल्शियमच्या पाचपट, तरी कोकोलिथमध्ये मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच. स्ट्रॉन्शियम मात्र बऱ्यापैकी आत घुसतं, कारण ते कॅल्शियमसारखं दिसतं आणि वागतं. दारावरचा माणूस जुळ्या भावाला ओळखत नाही तसला प्रकार.

मग आम्लाची भानगड काय आहे?

आता मुद्द्यावर आलो. समुद्रात कार्बन मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि पेशी तोच उचलते. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम यांचं कॅल्शियम कार्बोनेट झालं की एक हायड्रोजन आयन सुटा पडतो. म्हणजे आम्ल. म्हणजे जो पदार्थ आम्लात विरघळतो तोच बनवताना आम्ल तयार होतंय, आणि तेही बंद पिशवीत. ते काढलं नाही तर झालेला खवला तिथल्या तिथे विरघळायला लागेल. पिशवीतून काढून पेशीच्या द्रवात टाकलं तर पेशीच आंबट होणार. दर मिनिटाला हे चाललेलं असतं, थांबायची सोय नाही.

थोडंफार आम्ल फोटोसिंथेसिसकडे वळतं, बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड मिळवायला ते कामी येतं. पण सगळं तिकडे खपत नाही. २०११ मध्ये प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधल्या संशोधकांनी दाखवलं की कोकोलिथस (हे खवल्याचं नाही, मोठ्या खवल्यांच्या एका कोकोलिथोफोरचं नाव) याच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यात हायड्रोजन आयनांसाठी वेगळी दारं असतात, पेशीत आम्ल वाढलं की दार उघडतं आणि आयन समुद्रात निघून जातात. पंप चालवून ऊर्जा जाळायची गरज नाही, बाहेर कमी आहे म्हणून आपोआप वाहतात. आपल्या शरीरातल्या काही पेशींतही याच कुटुंबातली दारं आहेत.

या सोयीला एक अट आहे. बाहेरचं पाणी पुरेसं अल्कधर्मी पाहिजे, नाहीतर उतारच उरणार नाही आणि आयन बाहेर वाहणार नाहीत. समुद्राचं पीएच उतरण्याबद्दल खाली लिहिलंय ते याच अटीशी जोडून वाचा.

एका खवल्याला किती वेळ लागतो?

हक्सलेयीला उन्हात साधारण तासाला एक. कोकोलिथससारख्या मोठ्या आणि जड खवल्याच्या जातीला जास्त. काम मुख्यतः उजेडात चालतं. प्रयोगशाळेत पाण्यात जरा आम्ल घालून सगळे खवले विरघळवून टाकले आणि मग पाणी पूर्ववत केलं, तर पेशी निमूटपणे पुन्हा कामाला लागते आणि एखाद-दोन दिवसात परत पांघरूण घेऊन बसते.

एवढी मोठी वस्तू बाहेर काढताना पेशी फाटत नाही?

फाटत नाही. पिशवी पेशीच्या कडेला जाते, तिचा पडदा बाहेरच्या पडद्याला जुळतो, एकजीव होतो, तोंड उघडतं आणि खवला बाहेर. हार्मोन किंवा लाळ बाहेर टाकायची पद्धत हीच, फरक एवढाच की इथे बाहेर पडणारी वस्तू पेशीच्या निम्म्या रुंदीची असू शकते. बाहेर आल्यावर खवला शेजारच्या खवल्यांच्या चकत्यांमध्ये अडकून बसतो, वरची चकती शेजाऱ्याच्या वर, खालची खाली, त्यामुळे डिंक नसला तरी गोळा सुटत नाही.

पण हे सगळं कशासाठी? फायदा काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात कमी समाधान देणारं उत्तर. एका हिशेबाप्रमाणे फोटोसिंथेसिसमधून मिळणाऱ्या ऊर्जेचा ३० टक्क्यांच्या घरातला वाटा या कामावर खर्च होतो, म्हणजे शौक म्हणून कुणी करणार नाही. खाणाऱ्यांपासून बचाव, वरच्या थरातल्या कडक उन्हापासून आडोसा, विषाणूंना अडथळा अशी कारणं सांगतात आणि प्रत्येकाच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे.

मला स्वतःला एकच कारण सगळ्या जातींना लागू पडतं असं वाटत नाही. हक्सलेयीचे काही वाण लॅबमध्ये खवले बनवणं सोडून देतात आणि उघड्या अंगाने मजेत वाढतात, पाण्यातलं कॅल्शियम कमी केलं तरी तेच. कोकोलिथस ब्रारुडीचं तसं नाही, तिचं खवल्याचं काम बिघडवलं की तिचं विभाजनच थांबतं. एकीला पांघरूण, दुसरीला कातडी. शिवाय कोकोलिथस ब्रारुडीला खवले नीट होण्यासाठी थोडं सिलिकॉनही लागतं, हक्सलेयीला लागत नाही, हे गेल्या दहा वर्षांतलं काम.

डायटमसुद्धा असंच करतात का?

पद्धत ओळखीची, माल वेगळा. डायटम हेही एकपेशीय शैवालच, ते काचेचं म्हणजे सिलिकाचं कवच बनवतात, तेही पेशीच्या आत पडद्याच्या पिशवीत आणि मग बाहेर. पण सिलिका स्फटिकरूप नसते, ओपलसारखी असते, त्यामुळे स्फटिकाच्या दिशेचा प्रश्नच येत नाही. आणि समुद्रात विरघळलेलं सिलिकॉन इतकं कमी की डायटमला ते ओढून आणावं लागतं. एकाला माल गोळा करायची चिंता, दुसऱ्याला आम्ल टाकायची. गोड्या पाण्यात मॅलोमोनास म्हणून एक आहे, ते सिलिकाचे सुटे खवले करतं, त्याचेही फोटो जरूर बघा.

एकाच जातीचे दोन वेगवेगळे खवले असतात हे खरं का?

खरं. यांच्या आयुष्यात गुणसूत्रांचा एकेरी आणि दुहेरी असे दोन टप्पे असतात आणि दोन्ही टप्पे स्वतंत्रपणे वाढू शकतात. दुहेरी टप्प्यात वर वर्णन केलेले कोरीव खवले. एकेरी टप्प्यात बऱ्याच जाती अगदी साधे, एकसारखे बारीक ठोकळे रचून खवला करतात. दोन्ही इतके वेगळे दिसतात की लोकांनी त्यांना वेगळ्या जाती समजून वेगळी नावं दिली होती. १९६० मध्ये प्लिमथच्या मेरी पार्क आणि आयरीन अ‍ॅडम्स यांनी क्रिस्टलोलिथस हायलिनस आणि कोकोलिथस पेलॅजिकस हे एकच प्राणी, सॉरी, शैवाल आहे हे दाखवलं.

हक्सलेयीचा एकेरी टप्पा मात्र चुना करतच नाही. शेपट्या असतात, पोहतो, अंगावर नुसते सेंद्रिय खवले.

विषाणूंचं काय ते? हे शैवाल आजारी पडतं?

पडतं आणि असं पडतं की हजारो चौरस किलोमीटरवरची बहार, म्हणजे शैवालाची एकदम झालेली प्रचंड वाढ, आठवड्याभरात संपते. हक्सलेयीचा विषाणू मोठा आहे, त्याच्या जीनोममध्ये चार लाखांवर अक्षरं, म्हणजे साध्या फ्लूच्या विषाणूच्या तीसपट. पण तो दुहेरी टप्प्यालाच लागतो. एकेरी टप्प्याला त्याचं काही होत नाही, त्यामुळे साथ आली की वेश बदलून निसटायची वाट मोकळी राहते.

समुद्र दुधाळ, फिरोजी दिसतो तो यांच्यामुळेच का?

कोकोलिथोफोरची बहार असेल तर हो, आणि त्यातही जिवंत पेशींपेक्षा सुटून पाण्यात पसरलेले खवले उजेड जास्त परतवतात. त्यामुळे पाणी सगळ्यात पांढरट दिसतं ते बहार उतरायला लागते तेव्हा. १९९१ च्या उन्हाळ्यात आइसलँडच्या दक्षिणेला अडीच लाख चौरस किलोमीटरची बहार मोजली गेली, महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार आहे म्हणजे अंदाज येईल. काळ्या समुद्रात मे-जूनमध्ये, बॅरेंट्स समुद्रात ऑगस्टच्या सुमारास हे बहुतेक दरवर्षी होतं. २०१७ च्या जूनमध्ये इस्तंबूलची बॉस्फोरस सामुद्रधुनी अशीच फिरोजी झाली आणि शहरात नाही नाही त्या अफवा. विषारी नसतं ते.

आपल्या कोकणात दिसेल का?

अरबी समुद्रात कोकोलिथोफोर आहेत, हक्सलेयी आहे, जेफिरोकॅप्सा ओशियानिका आहे, पण समुद्र पांढरा करणारी बहार किनाऱ्यावरून बघायला मिळेल अशी आशा धरू नका. तारकर्लीचं पाणी निळसर दिसतं त्याचा याच्याशी संबंध नाही. रात्री लाटा निळ्या चमकतात तो व्हिडिओ पाठवून "हेच का ते" विचारणारे खूप आहेत, ते हे नाही, ते नॉक्टिलुका, वेगळ्याच घराण्यातलं, त्याच्याकडे चुन्याचा कणही नसतो.

अरबी समुद्राचा खरा उपयोग तळाच्या गाळात आहे. फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा म्हणून एक जात खोलवर, अंधुक उजेडात राहते. मॉन्सूनच्या वाऱ्याने पाणी घुसळलं आणि वर खत आलं की वरच्या जाती फोफावतात आणि गाळात प्रोफुंडाचा वाटा घटतो, घुसळण मंदावली की वाढतो. त्यामुळे गाळाच्या थरात तिचे खवले मोजून जुन्या काळच्या मॉन्सूनच्या वाऱ्यांचा अंदाज बांधता येतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे समुद्रात सापळे लावून वरून खाली पडणारा गाळ गोळा करायचं काम १९८६ पासून झालंय. तेलाच्या विहिरी खोदतानाही खडकाचं वय काढायला हेच जीवाश्म कामाला येतात.

शाळेतला खडू यांचाच ना?

आपला बहुतेक नाही. हल्ली फळ्यावरचा खडू मुख्यतः जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. घरी खात्री करायची असेल तर लिंबू पिळा, खरा चुनखडीचा असेल तर बुडबुडे येतात, जिप्समचा गप्प बसतो.

खरा खडूचा दगड बघायचा तर इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे, ११० मीटरपर्यंत उंच, डेन्मार्कमधला म्यॉन्स क्लिंट किंवा जर्मनीतलं र्‍यूगेन बेट. हा सगळा मुख्यतः कोकोलिथचा गाळ, क्रेटेशियस काळातल्या समुद्राच्या तळाशी हजार वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने साचलेला. तो काळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला तेव्हा कोकोलिथोफोरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जाती गेल्या. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पण साधारण त्याच सुमाराला ओतला जात होता. म्हणून आपल्याकडे काळा दगड आणि त्यांच्याकडे पांढरा.

इतका हलका खवला तळाशी पोचतो तरी कसा?

सुटा पोचतच नाही म्हणा ना. एकटा खवला दिवसाला जेमतेम दहा सेंटिमीटर खाली जातो, या हिशेबाने चार किलोमीटर जायला शंभरेक वर्षं लागतील आणि तोवर कुठल्या कुठे वाहून जाईल किंवा विरघळेल. प्रत्यक्षात कोपेपॉडसारखे बारीक जीव यांना खातात आणि त्यांच्या लेंड्यांमधून खवले दिवसाला शंभर मीटर किंवा जास्त वेगाने खाली जातात. हो, डोव्हरचे कडे बऱ्याच अंशी विष्ठेच्या कृपेने आहेत. साधारण ४ ते ५ किलोमीटरच्या खाली पाणी चुना विरघळवून टाकतं, त्यामुळे सगळ्यात खोल तळावर हे मिळत नाहीत.

मग हे कार्बन डायऑक्साइड शोषतात की सोडतात?

दोन्ही, आणि इथेच इंटरनेटवर भांडणं होतात. फोटोसिंथेसिसमध्ये शोषतात. खवला बनवताना मात्र दोन बायकार्बोनेटपैकी एक चुन्यात जातो आणि दुसऱ्याचा शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे खवला करणं ही त्या क्षणापुरती कार्बन सोडणारी गोष्ट आहे. पाण्याच्या रसायनामुळे प्रत्यक्षात एकास साधारण ०.६ एवढाच सुटतो, पण सुटतो. दुसरीकडे खवल्याच्या वजनामुळे सेंद्रिय कचरा लवकर बुडतो आणि त्याबरोबर कार्बन खाली जातो. आणि लाखो वर्षांच्या हिशेबात दगडात गाडलेला चुना म्हणजे बंद खात्यातला कार्बनच. कुठल्या कालावधीबद्दल बोलताय ते आधी सांगा, मग उत्तर मिळेल. "शैवाल लावा, कार्बन संपवा" असं सरसकट सांगणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

समुद्र आम्लधर्मी होतोय, मग हे संपणार का?

समुद्र आम्ल झालेला नाही, पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलंय, पण दिशा तीच आहे. २००० साली आलेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर चुना कमी झाला. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने उलटं दाखवलं, चुना वाढला. मग पुष्कळ वाद. जाती वेगळ्या, वाण वेगळे, पाणी आम्ल करायच्या पद्धती वेगळ्या. त्यात उत्तर अटलांटिकमध्ये जहाजांमागे ओढलेल्या सापळ्यांच्या नोंदीत १९६५ ते २०१० या काळात कोकोलिथोफोर सापडण्याचं प्रमाण २ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या वर गेलेलं दिसलं. म्हणजे जास्तीचा कार्बन काहींना खाद्य म्हणून मानवतोय.

आता वरची आम्लाच्या दाराची अट आठवा. जास्त कार्बन हा फायदा, कमी पीएच हा तोटा, आणि दोन्ही एकाच गोष्टीबरोबर येतात. २०२२ मध्ये कोकोलिथसवर दाखवलं गेलं की पाण्याचं पीएच बरंच उतरलं की दारं नीट काम करत नाहीत, आम्ल आत साचतं आणि खवले बिघडतात. जास्त चुना करणाऱ्या जड जातींना हा फटका आधी बसणार असं मला वाटतं. हक्सलेयी काटक आहे, ती निभावून नेईल.

हे शोधलं कोणी? हक्सले म्हणजे तोच का डार्विनवाला?

तोच, थॉमस हेन्री हक्सले. पण त्याच्याही आधी १८३६ मध्ये एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने र्‍यूगेनच्या खडूत हे लंबगोल बघितले होते, त्याला ते निर्जीव वाटले. १८५७ मध्ये अटलांटिकमध्ये टेलिग्राफची केबल टाकण्यासाठी सायक्लॉप्स जहाजाने तळाचा गाळ काढला, तो हक्सलेकडे आला, त्याने १८५८ मध्ये कोकोलिथ हे नाव दिलं आणि त्यालाही ते निर्जीवच वाटले. १८६१ च्या सुमारास वॉलिच आणि सॉर्बी या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे जिवाने केलेलं काम आहे असं सांगितलं. सॉर्बीचा मुद्दा छान होता, खवले सपाट नाहीत, एका बाजूला वाकलेले आहेत, म्हणजे ते कुठल्या तरी गोळ्यावर बसलेले असणार.

मग खरी गंमत. १८६८ मध्ये हक्सलेने तोच जुना, अल्कोहोलमध्ये ठेवलेला गाळ परत बघितला, त्यात बुळबुळीत जेली दिसली आणि त्याने जाहीर केलं की समुद्रतळावर पसरलेला हा आदिम जीव आहे, बॅथिबियस, आणि कोकोलिथ हे त्याचेच भाग. १८७२ ला समुद्राचा अभ्यास करायला निघालेल्या चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेवरच्या बुकॅनन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की कॅल्शियम सल्फेटचा तसाच गाळ बसतो. जीव वगैरे काही नाही, बाटलीतली रसायनं! हक्सलेने १८७५ मध्ये जाहीरपणे माघार घेतली. त्याच मोहिमेवर जॉन मरेला वरच्या पाण्यात तरंगणारे पूर्ण गोळे मिळाले आणि घर सापडलं. हक्सलेयी हे जातीचं नाव याच हक्सलेवरून.

कॉलेजच्या मायक्रोस्कोपमध्ये बघता येतील का?

येतील, पण नुसत्या साध्या उजेडात बघाल तर धुरळा दिसेल. नैसर्गिक खडूच्या दगडाचा तुकडा मिळवा (भूगर्भशास्त्र विभागात बहुतेक असतो), टाचणीने अगदी चिमूटभर खरवडा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरवा, इतकं पातळ की जेमतेम दिसेल, वर कव्हरस्लिप. हजारपट वाढवणारी तेलाची लेन्स लावा आणि दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या फिल्म, काटकोनात. सगळं काळं होतं आणि त्या काळ्यात बारीक पांढरे गोल उजळतात, प्रत्येकावर काळी फुली. स्टेज फिरवली तरी फुली जागची हलत नाही. आडव्या अक्षाचे स्फटिक चमकतात, उभ्या अक्षाचे काळेच राहतात, म्हणजे वर जे उभं-आडवं लिहिलंय ते डोळ्यांनी बघायला मिळतं. पोलरायझर नसेल तर जुन्या बिघडलेल्या एलसीडी स्क्रीनवरची फिल्म कापून वापरा, चालते. आणि काच धुताना व्हिनेगर वापरू नका, नमुना ठेवायचा असेल तर.